साधा वाढदिवस आणि रानातलं शिबिर: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, कळसूबाईच्या डोंगररांगेला टेकून असलेल्या एका वाडीत आम्ही दर मे महिन्यात मुलांचं शिबिर घेतो. आठ ते चौदा वयाची चोवीस मुलं, सहा दिवस, अशा तीन तुकड्या. मार्चपासून पालकांचे फोन सुरू होतात आणि बरेचसे प्रश्न तेच असतात. त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहून ठेवली आहेत.

वाढदिवस आणि शिबिर, हे दोन विषय एकाच पानावर कसे?

चार वर्षांपूर्वी शिबिराच्या तिसऱ्या दिवशी एका मुलीला नऊ वर्षं पूर्ण होणार होती. आदल्या दिवशी तिच्या आईचा फोन आला, "केकची काही सोय होईल का?" बेकरी लांब, वाट घाटाची, आणि मेच्या उन्हात क्रीम वाडीपर्यंत टिकलं नसतं. आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या आजी म्हणाल्या, "खीर करू की." त्यांनी रात्री गहू भिजत घातले. सकाळी मुलांनी ते आळीपाळीनं उखळात सडले. कुणी आंब्याच्या पानांचं तोरण केलं, कुणी करवंदांची टोपली भरून आणली. अंगण सारवून झालं, रांगोळी निघाली आणि आजींनी तिला पाटावर बसवून ओवाळलं.

रात्री ती आईशी फोनवर बोलत होती. भेट काय मिळाली, कोण काय म्हणालं, यातलं काहीच तिनं सांगितलं नाही. "आई, खिरीतला गूळ मी फोडला," एवढंच ती दोनदा बोलली. ज्या कामात स्वतःचा हात लागला, तेच तिच्या मनात राहिलं होतं. पुढच्या वर्षीपासून पालक विचारू लागले की असं घरी कसं करायचं, म्हणून दोन्ही विषय एकत्र घेतले आहेत. आमच्या लेखी ते वेगळे नाहीतच.

म्हणजे तुम्ही केकच्या विरोधात आहात?

नाही. मुलाला केक आवडत असेल तर करा, पण तो त्याच्यासोबत करा. रवा, दही, दूध, साखर, थोडं तूप असं कालवून जाड बुडाच्या कढईत मीठ किंवा वाळू तापवून त्यावर भांडं ठेवलं की रव्याचा केक छान होतो. कोकणात तर वेगळा केक शोधायची गरजच नाही. मे महिन्यात फणसाच्या रसातलं सांदण असतं, पावसाळ्यात तवशाचं, म्हणजे मोठ्या काकडीचं, धोंडस असतं. हे पदार्थ करताना मुलाला चाळायला, किसायला, ढवळायला बसवा. पीठ सांडेल. सांडू द्या.

औक्षण नक्की कसं करतात? आमच्या घरी कुणी मोठं माणूस नाही.

हा प्रश्न संकोचून विचारला जातो, तसा संकोच करू नका. पाट मांडा, भोवती रांगोळी काढा. तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी ठेवा. मुलाला पाटावर बसवून कपाळावर कुंकू लावायचं, त्यावर अक्षता लावायच्या, थोड्या डोक्यावर टाकायच्या. मग अंगठी आणि सुपारी हातात घेऊन मुलाच्या तोंडाभोवती ओवाळायची आणि शेवटी निरांजनानं ओवाळायचं. नंतर गोड भरवायचं आणि मुलानं मोठ्यांना नमस्कार करायचा. घराघरात थोडा फरक असतो, तुमच्या आईला किंवा सासूबाईंना फोन करून त्यांची पद्धत विचारून घ्या. त्यांनाही बरं वाटेल.

वाढदिवशी तीळ आणि गूळ घातलेलं दूध प्यायची जुनी रीत आहे. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम या सात चिरंजीवांचं आणि मार्कंडेयाचं स्मरण करून हे दूध घेतात. मुलाला या आठांपैकी एकाची गोष्ट सांगितलीत तर पाटावरची पाच मिनिटं त्याला कंटाळवाणी वाटणार नाहीत. निरांजन फुंकून विझवत नाहीत, तेही सांगा. एका मुलानं मला विचारलं होतं, "मग माझा दिवा दिवसभर चालू राहणार?" हो म्हटल्यावर तो दर तासानं तेल बघायला येत होता.

धर्माच्या चौकटीत हे करायचं नसेल तर करू नका. घरातल्या प्रत्येकानं मुलाजवळ बसून तो जन्मला त्या दिवसाची एक आठवण सांगायची, हेही आम्ही काही घरांत पाहिलं आहे. मुलं ते वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा सांगायला लावतात.

वर्गातल्या मित्राचा वाढदिवस हॉलमध्ये झाला. आता आमचं मूल तसाच हवा म्हणून रडतं. काय सांगायचं?

खरं सांगायचं. खर्च झेपत नसेल तर तसं, झेपत असूनही नको वाटत असेल तर तसं. सात-आठ वर्षांच्या मुलाला कारण कळतं, टोलवाटोलवीही कळते. "तुला त्यातलं काय आवडलं?" असं विचारा आणि उत्तर नीट ऐका. बहुतेक वेळा उत्तर हॉल नसतंच. सगळे मित्र एकत्र होते, आई-बाबा कामात नव्हते, उशिरापर्यंत जागता आलं, असं काहीतरी निघतं. ते घरी देता येतं. त्या दिवशी आई-बाबांनी रजा काढली, फोन कपाटात ठेवला, तर मुलाला त्याची किंमत बरोबर कळते. आणि रडलं तर थोडं रडू द्या. तुम्ही वाईट पालक ठरत नाही.

किती मुलांना बोलवावं?

तुमच्या घरात मांडी घालून एका पंगतीत बसतील तेवढ्यांना. सगळ्या वर्गाला बोलवायची सक्ती कुणी केलेली नाही.

दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये खेळ कुठले घेणार?

सागरगोटे, चिंचोके, आंधळी कोशिंबीर. चिंचोके एका बाजूनं घासून पांढरे केले की त्यांचे फासे होतात, पट खडूनं फरशीवर काढता येतो. सोसायटीच्या आवारात जागा असेल तर लगोरी, विषामृत, डबा ऐसपैस. आजोबांना खेळवायला उभं करा, पैसे देऊन आणलेल्या निवेदकाची गरज पडत नाही. आजोबांच्या खेळाचे नियम तुमच्या नियमांहून वेगळे असतील, त्यावरून दहा मिनिटं वाद होईल. तोही वाढदिवसाचाच भाग.

वाढदिवसाला निसर्गाची जोड द्यायची तर बागेत नेणं एवढंच सुचतं. दुसरं काय करता येईल?

मूल कुठल्या महिन्यात जन्मलं ते बघा. त्या महिन्यात बाहेर काय घडतं ते त्याचंच आहे, असं आम्ही मुलांना सांगतो. दरवर्षी तेच झाड, तोच पक्षी, तोच वास त्याच्या वाढदिवशी परत येतो. हे एकदा लक्षात आलं की मूल स्वतःच वाट बघू लागतं.

फेब्रुवारी-मार्चच्या मुलांचं नशीब मोठं. पळस, पांगारा आणि काटेसावर त्यांच्यासाठी फुलतात, तिन्ही लाल-केशरी, आणि मधासाठी मैना, बुलबुल, कोतवाल यांची झाडावर झुंबड असते. सकाळी सात वाजता एका फुललेल्या काटेसावरीखाली अर्धा तास बसा, दुसरा कार्यक्रम ठेवायलाच नको. एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळा होतो आणि ताम्हण जांभळं. ताम्हण हे आपलं राज्यफूल आहे, हे मुलांना पाठ असतं, पण फूल पाहिलेलं नसतं. मुंबई-पुण्यात रस्त्याच्या कडेला ते भरपूर आहे. मेच्या शेवटी पावशाची ओरड सुरू होते. "पेरते व्हा" असं तो सांगतो, असं शेतकरी मानतात. जूनचा वाढदिवस असेल तर ती हाक शहरातही ऐकू येते. जुलैत रानभाज्या. टाकळा, कुर्डू, भारंगी बाजारात येतात. मुलाला घेऊन भाजी विकणाऱ्या मावशींकडे जा, एक अनोळखी जुडी त्यालाच निवडू द्या आणि ती कशी करायची तेही त्यालाच त्यांना विचारू द्या. ऑगस्टमध्ये हळदीच्या पानातल्या पातोळ्या. सप्टेंबरात सड्यांवर आणि डोंगरउतारांवर सोनकी आणि तेरडा.

नोव्हेंबरची मुलं तर पक्ष्यांची. ५ नोव्हेंबर हा रानावनांवर आणि पक्ष्यांवर लिहिणारे मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अलींचा. म्हणून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. या आठवड्यात जन्मलेल्या मुलानं मित्रांसोबत घराभोवतालच्या पक्ष्यांची यादी करावी आणि दरवर्षी ती वही पुढे न्यावी. डिसेंबर-जानेवारीत हुरडा, आणि उजनीच्या पाण्यावर भिगवणजवळ थव्यानं उतरलेले रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो.

ऑक्टोबरसाठी आपटा आहे. दसऱ्याला ओरबाडायचं झाड म्हणूनच मुलं त्याला ओळखतात. पान तोडायचं नाही, नुसतं झाड शोधून काढायचं, असा खेळ ठेवा.

वाढदिवसाला झाड लावायचं आहे. कुठलं लावू?

आधी केव्हा लावू, हे विचारा. पहिल्या वर्षी आम्हीही उत्साहात मे महिन्यात वाढदिवसाची रोपं लावली. अकरापैकी एकही जगलं नाही, आणि पुढच्या वर्षी मुलं आपलं झाड बघायला आली तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघवेना. तेव्हापासून उन्हाळ्यात झाड लावत नाही, बी लावतो. मूल पिशवीत किंवा फुटक्या मगात बी पेरतं, घरी नेऊन पाणी घालतं, आणि चांगला पाऊस पडून जमीन ओली झाली की जून-जुलैत रोप मातीत जातं. घाई नसेल तर एक वर्ष रोप पिशवीतच वाढवून पुढच्या पावसाळ्यात लावा, ते जास्त तग धरतं.

बी कसं हाताळायचं ते झाडागणिक बदलतं. जांभळाचं आणि कडुनिंबाचं बी ताजंच पेरावं लागतं, डबीत ठेवून दिलं की थोड्याच दिवसांत त्याची उगवणशक्ती जाते. बहाव्याचं उलट. त्याचं कवच इतकं टणक असतं की तसंच पेरलं तर महिनोन्‌महिने काही होत नाही. उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवतात, किंवा कवच एका बाजूला किंचित घासतात. चिंचोका रात्रभर भिजवला तरी चालतो.

गुलमोहर, सुबाभूळ, ग्लिरिसिडिया, रेन ट्री लावू नका. गुलमोहर मादागास्करचा, बाकीचे अमेरिका खंडातले. आपल्याकडचे पक्षी-किडे ज्या झाडांवर पिढ्यान्‌पिढ्या जगले ती झाडं लावा. जांभूळ, करंज, आपटा, बहावा, ताम्हण, उंबर. जागा नसेल तर कढीपत्ता किंवा लिंबू कुंडीत लावा. त्यावर फुलपाखरू अंडी घालतं. पानं कुरतडलेली दिसली की मुलाला बोलवा, फवारा मारू नका.

रिटर्न गिफ्ट द्यावंच लागतं. स्वस्त आणि चांगलं काय?

बिया. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं काम मुलांना सांगा आणि मग वर्तमानपत्राच्या पुड्यांत दोडका, घेवडा, भोपळा अशा चार-चार बिया बांधून द्या. पुडीवर नाव मुलाच्या हस्ताक्षरात असू दे. हा उद्योग आदल्या दिवशीचा अख्खा रविवार पुरतो.

फुगे आणि सजावट?

थर्मोकोलची सजावट, प्लास्टिकच्या ताटल्या-पेले-चमचे आणि फुग्याला लावायच्या प्लास्टिकच्या काड्या यांच्यावर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. महाराष्ट्रात ताटल्या-पेल्यांवर २०१८ पासूनच. बाजारात अजून दिसतात म्हणून चालतात असं नाही. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण मिळतात. शिबिरात मुलं त्या बांबूच्या चोयांनी स्वतः लावतात आणि पहिल्या पत्रावळीतून आमटी गळते तेव्हा फार हसतात.

केक कापताना उडवतात त्या फेसाच्या फवाऱ्याबद्दल (स्नो स्प्रे) मात्र कळकळीनं सांगते. पेटत्या मेणबत्तीजवळ तो उडवू नका. त्यातला वायू पेट घेतो, आणि वाढदिवसाच्या मुलाचं तोंड नेमकं तिथेच असतं.

शिबिरात दिवस कसा जातो?

साडेपाचला उठतो. उजाडण्याआधी पाखरांचा आवाज ऐकायचा असतो, त्या वेळी कुणी बोलत नाही. सहा ते नऊ भटकंती. आळू, तोरणं, करवंदं ही रानफळं खात खात जायचं, पण दादानं किंवा ताईनं दाखवल्याशिवाय कुठलंही फळ तोंडात घालायचं नाही. परत येऊन नाचणीची भाकरी, लोणी, चटणी. मग गोठ्यातलं काम, पाणी शेंदणं, स्वयंपाकाला मदत. बारा ते चार सावलीत. ऊन डोक्यावर असताना आम्ही मुलांना बाहेर काढत नाही. दुपारी झाडावर तांबट टुक-टुक करत असतो आणि खाली मुलं माती मळतात, चित्रं काढतात, झोपतात, किंवा काहीच करत नाहीत. काहीच न करण्यासाठी आम्ही मुद्दाम वेळ ठेवला आहे. पहिले दोन दिवस मुलं "आता काय करायचं?" असं विचारत राहतात. तिसऱ्या दिवशी विचारायची थांबतात.

मधली तुकडी १८ मेच्या आसपास असते, कारण त्या सुमारास आमच्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास अंगणात उभ्या केलेल्या काठीची सावली नाहीशी होते. चोवीस मुलं आपापली सावली पायाखाली शोधत असतात. असा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात सावंतवाडीकडे, महिन्याच्या मध्याला पुण्या-मुंबईकडे आणि शेवटच्या आठवड्यात नागपुराकडे येतो, तेव्हा हे तुम्ही घरच्या गच्चीतही करू शकता.

रात्री आकाश. उत्तरेकडे सप्तर्षी, त्यातल्या वसिष्ठाला चिकटून अरुंधती. शेपटीचा बाक तसाच पुढे वाढवत नेला की आधी स्वाती, मग चित्रा. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंशांची होते. क्षितिजावर दोन मुठी एकावर एक ठेवल्या की ध्रुव सापडतो. बारा वर्षांवरच्या मुलांना एक दिवस पहाटे कळसूबाईवर नेतो. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. दहाच्या आत खाली यायचं हा नियम.

साप, विंचू, बिबट्या यांचं काय?

तिन्ही आहेत. "आमच्याकडे काही नसतं" असं सांगणाऱ्या शिबिरावर विश्वास ठेवू नका.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप मुलांना चित्रावरून ओळखायला शिकवतो. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंश इतका बारीक असतो की कळतही नाही. म्हणून कुणीही जमिनीवर झोपत नाही. सगळ्यांना खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी. अंधारात विजेरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, बूट झटकूनच घालायचे, लाकडाच्या ढिगात हात घालायचा नाही.

दंश झालाच तर काय करायचं हे मुलांनाही पाठ असतं. हललं नाही पाहिजे, अवयव स्थिर ठेवायचा, अंगठ्या-कडी काढायची, १०८ ला फोन, थेट रुग्णालय. करकचून बांधायचं नाही, काप द्यायचा नाही, चोखायचं नाही, मांत्रिक नाही. कुठल्या रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे हे आम्ही प्रत्येक तुकडीआधी स्वतः जाऊन बघतो, आणि एक गाडी चोवीस तास अंगणात उभी असते. विंचवासाठीही रुग्णालयच. लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे औषध चालतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं आणि कोकणातल्या खेड्यांत किती जीव वाचले. शिबिराच्या शेवटच्या रात्री ही गोष्ट सांगतो, आणि दरवर्षी कुणीतरी मूल डॉक्टर व्हायचं ठरवतं.

बिबट्यासाठी नियम साधा. अंधार पडल्यावर कुणीही अंगणाबाहेर एकटं जात नाही. शौचालयालाही मोठं माणूस सोबत.

काजवे दिसतील ना?

मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, वळवाचा पाऊस झाला असेल तर. म्हणजे आमच्या तिसऱ्या तुकडीला शक्यता आहे, पहिल्या दोन तुकड्यांना फारशी नाही. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते लखलखतात. हा त्यांचा जोडीदार शोधायचा काळ आहे. अंड्यातून निघालेली अळी मातीत महिनोन्‌महिने गोगलगाई खाऊन वाढते आणि पंख फुटल्यावर हाताशी काही दिवसच असतात. त्या दिवसांत गाड्यांचे दिवे, मोबाइलचे टॉर्च आणि ओरडणारी माणसं यांनी त्यांचा प्रकाश एकमेकांना दिसेनासा होतो, गवतातल्या माद्या पायाखाली चिरडल्या जातात. म्हणून गर्दीच्या जागी आम्ही जातच नाही. वाडीमागच्या बांधावर एका रांगेत बसतो, दिवे बंद, वीस मिनिटं. फोटो निघत नाही, म्हणून तो मागू नका.

मोबाइल देऊ का सोबत?

नको. रोज संध्याकाळी आम्ही मुलांच्या खुशालीचा संदेश पाठवतो. तातडीचं असेल तर आमच्या फोनवर बोलणं होतं.

रात्री रडली तर? अंथरूण ओलं झालं तर?

पहिल्या रात्री तीन-चार मुलं रडतातच. ताई शेजारी बसते, गोष्ट सांगते, झोप लागेपर्यंत हलत नाही. लगेच घरी फोन लावून देत नाही, कारण आवाज ऐकून दोन्हीकडे पाणी येतं. दुसऱ्या रात्रीही तसंच राहिलं तर तुम्हाला कळवतो, मग आपण मिळून ठरवू. अंथरुणाचं आधी आम्हाला एकदा सांगून ठेवा. पहाटे इतर मुलं उठायच्या आत चादर बदललेली असते आणि कुणाला कळत नाही.

पाळी सुरू झालेल्या किंवा होऊ घातलेल्या मुलींसाठी?

ताईंकडे पॅड आणि गरम पाण्याची पिशवी असते. पहिली पाळी शिबिरात आलेल्या मुली आमच्याकडे झाल्या आहेत. त्या मुलीला कुठल्याही कामापासून, चुलीपासून, देवापासून बाजूला बसवलं जात नाही. दमली असेल तर ती स्वतः बसते.

माझा मुलगा भाज्या खात नाही.

घरी खात नाही. इथे त्यानं स्वतः तोडलेली, निवडलेली असते. तरीही नाही खाल्ली तर भाकरी, वरण, ताक आहे. बळजबरी नाही. ॲलर्जी मात्र फॉर्मवर मोठ्या अक्षरांत लिहा.

चालायला, ऐकायला त्रास असलेल्या मुलांना घेता का?

हो. आधी एकदा मुलाला घेऊन इथे येऊन जा, म्हणजे काय जमेल आणि आम्हाला काय बदलावं लागेल ते तिघांना मिळून बघता येईल. न दिसणारी एक मुलगी पहाटेच्या आवाजांवरून आमच्यापेक्षा जास्त पक्षी ओळखत होती.

आम्ही अमेरिकेत असतो. मुलांची सुट्टी जून ते ऑगस्ट. मेला येणं जमत नाही.

मग शिबिर सोडा, भातलावणी बघा. आषाढात चिखलात उतरून रोप लावायला कुठल्याही आजोळी नेता येतं. धबधब्याखाली आणि ओढ्यात मुलांना नेऊ नका, डोंगरातला लोंढा अचानक येतो. मराठी तुटक असलं तरी चिखलात ते सुधारतं, कारण हसताना बोलावंच लागतं.

दुसरं एखादं शिबिर निवडताना काय विचारावं?

किती मुलांमागे किती मोठी माणसं? रात्री मुलींच्या खोलीजवळ कोण झोपतं? सोबतच्या माणसांची पोलीस पडताळणी झाली आहे का? पाण्यात उतरवणार का, आणि पोहणारं कोण? जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर? मूल नको म्हणालं तर एखाद्या खेळातून बाजूला राहू शकतं का? आमच्या ओळखीच्या एका मुलाला एका शिबिरात सगळ्यांदेखत दोरीवरून ढकललं होतं, भीती जावी म्हणून. भीती गेली नाही. तो दोन वर्षं कुठल्याच शिबिराला गेला नाही. या प्रश्नांवर चिडणाऱ्या माणसांकडे मूल पाठवू नका. आम्हालाही हेच विचारा.

शिबिराची फी परवडत नाही.

आम्हाला फोन करा, काही जागा त्यासाठी ठेवलेल्या असतात. तेही नको असेल तर मुलाला आठवडाभर गावी पाठवा. चुलत-मावस भावंडं, एक गोठा, एक आमराई आणि "संध्याकाळपर्यंत घरी या" एवढी ताकीद असली की झालं. आम्हाला हे सगळं असंच मिळालं होतं, तेव्हा त्याला शिबिर म्हणत नव्हते.

घरी आल्यावर पिशवीतून दगड, बिया आणि काड्या निघाल्या. टाकून देऊ का?

विचारल्याशिवाय नको. वनखात्याच्या हद्दीतलं काहीही आणायचं नाही हे मुलांना माहीत असतं, त्यामुळे पिशवीत जे आहे ते वाडीच्या बांधावरचं आहे. एकेक वस्तू काढून कुठे सापडली ते सांगायला सांगा. चहा गार होईल, तरी पूर्ण ऐका. आणि त्यात जांभळाच्या बिया असतील तर त्या त्याच दिवशी मातीत घाला, जूनपर्यंत थांबू नका.